विचार करणं आणि विचारणं: एकच शब्द दोन्हीकडे कसा?

ऑफिसात हिंदीवाला मित्र म्हणाला "विचार कर लो", तर आमचा नवीन पोरगा सरळ साहेबांना विचारायला गेला. हसू आलं, पण चूक त्याची नाही, मराठीचीच गंमत आहे. हिंदी-गुजरातीत विचार डोक्यातच राहतो, प्रश्न करायला त्यांच्याकडे पूछना, पूछवुं आहे. आपल्याकडे आणि कोकणीत मात्र (विचारप) तोच शब्द तोंडातून बाहेर पडतो.

मूळ संस्कृत 'वि' अधिक 'चर्', म्हणजे इकडेतिकडे फिरणं. गुरं चरतात तोच हा चर्, संचार आणि प्रचारातला पण तोच. (बिचारा मात्र यातला नाही हं, तो फारसी बेचारा, ज्याला काही उपाय नाही असा, आपण "चारा नाही" म्हणतो तोच चारा.) तर मन एखाद्या गोष्टीभोवती फिरतं तो विचार. पाली बौद्ध ग्रंथांत वितक्क आणि विचार ही जोडीच येते, आणि पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या बौद्ध आचार्याने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात या दोघांतला फरक काय झकास सांगितलाय: घंटेवर टोला पडतो तो वितक्क, नंतर घुमत राहते तो विचार. भुंगा कमळाकडे झेपावतो तो वितक्क, वर घिरट्या घालतो तो विचार. योगसूत्रात पण समाधीच्या पायऱ्या सांगताना वितर्कानंतर (पालीतला वितक्क तोच हा) विचारच येतो.

मग हा ध्यानातला शब्द चौकशीच्या खिडकीवर कसा आला? जुन्या मराठीत प्रश्न करायला पुसणे होतं, संस्कृत पृच्छतिवरून, १२९० च्या ज्ञानेश्वरीत ते आहेच. पण फळा पुसणे, डोळे पुसणे हे पण पुसणेच, त्याचं मूळ वेगळं, प्रोञ्छ्. या गोंधळाने पहिलं पुसणे मागे पडलं असावं, हा आपला माझा अंदाज. दुसरं म्हणजे आपल्याकडे विचार एकट्याने करायची गोष्ट नव्हतीच बहुतेक, लग्न असो की जमीन, चार माणसांच्या विचाराने ठरायचं, आणि दुसऱ्याचा विचार घ्यायचा तर त्याला विचारावंच लागणार ना, त्यातूनच परवानगीचा अर्थ पण चिकटला असेल, "कुणाला विचारून गेलास?" वाला.

जुनं पुसणे पुरतं मेलं नाही पण. आजारी माणसाची आपण विचारपूस करतो, त्यातली पूस तीच.