श्रेढीची बेरीज : सूत्र जुनं, घोळ पदं मोजण्याचा

श्रेढीचं, म्हणजे ठरावीक फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांच्या ओळीचं, उदाहरण चुकतं ते सहसा पदं, म्हणजे ओळीतल्या संख्या, मोजताना. ‘२०० आणि ४०० यांच्या दरम्यान ८ ने भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज’ हे घ्या. कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत हे फळ्यावर टाकलं तर तीन उत्तरं येऊ शकतात : ७२००, ७५०० आणि ७८००.

७५०० हे कसंही वाचलं तरी चूक. ४०० मधून २०० वजा करून ८ ने भागलं की २५ येतात, पण ती पदांमधली अंतरं, पदं नव्हेत. राजारामपुरीच्या पाचव्या गल्लीपासून नवव्यापर्यंत गल्ल्या पाच, दोन्ही टोकांच्या सोडल्या तर तीन. वजाबाकीतून येणारे चार कुठेच बसत नाहीत.

खरा वाद उरलेल्या दोन उत्तरांत आहे. ‘दरम्यान’ म्हटलं की टोकं वगळायची : २०८ ते ३९२, पदं २४, बेरीज ७२००. ‘२०० ते ४००’ म्हटलं की टोकं धरायची : पदं २६, बेरीज ७८००. प्रश्न काढणारे हे दोन शब्द सर्रास अदलाबदलीने वापरतात आणि गुण मात्र विद्यार्थ्याचे जातात. उत्तरात पहिलं आणि शेवटचं पद लिहून ठेवलं तर निदान आपण काय धरलं ते तपासणाऱ्याला कळतं. पर्यायी प्रश्नात तीही सोय नाही.

गंमत अशी की दोन्ही वाचनांत पदांची सरासरी ३००च राहते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात रीत नेमकी या सरासरीवरून जाते. पदसंख्येतून एक वजा करून चयाने (लगतच्या पदांमधल्या फरकाने) गुणा, मुख (पहिलं पद) मिळवा, हे अंत्यधन, म्हणजे शेवटचं पद. त्यात पुन्हा मुख मिळवून निम्मं करा, हे मध्यधन, म्हणजे सरासरी. त्याला पदसंख्येने गुणलं की सर्वधन, म्हणजे बेरीज. शाळेतलं सूत्र या तिन्ही पायऱ्या एकात कोंबतं. वेळ वाचतो, पण मधले ३०० विद्यार्थ्याला दिसतच नाहीत, आणि वाद फक्त पदसंख्येचा आहे हेही.

त्याआधीच्या, आर्यभटाच्या ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’त तर श्रेढीच्या मधल्याच तुकड्याची बेरीज आहे. ‘सपूर्वम्’, म्हणजे आधी सोडलेल्या पदांची संख्या मिळवायची. आपल्या उदाहरणात श्रेढी ८ पासून सुरू झाली असं धरलं तर २०० पर्यंत २५ पदं सुटली, पुढची २४ घेतली. २४ मधून १ वजा, निम्मे ११.५, अधिक २५, म्हणजे ३६.५. गुणिले ८, अधिक पहिलं पद ८ : ३००. टोकं धरायची असतील तर सुटलेली पदं २४ आणि घेतलेली २६, मध्य तोच. किती सोडली हे आधी लिहावं लागत असल्याने टोकांचा निर्णय इथे टाळताच येत नाही. ‘आर्यभटीया’वरच्या सातव्या शतकातल्या एका भाष्यात या एकाच आर्येतून (श्लोकातून) अनेक सूत्रं वेगळी काढून दाखवली आहेत. 

भाजक ७ घेतला तर २०३ ते ३९९, पदं २९, बेरीज ८७२९. इथे टोकांना ७ ने भाग जात नाही, म्हणून ‘दरम्यान’ काय आणि ‘ते’ काय, उत्तर एकच. सराव फक्त अशाच उदाहरणांवर झाला असेल तर ८ चं उदाहरण परीक्षेत पहिल्यांदाच अडवतं.