अमेरिकी राज्यांतील आमदार आणि जन्मभराचा पूर्ण पगार

‘अमेरिकेत एकदा निवडून आलेल्या आमदाराला जन्मभर पूर्ण पगार मिळतो,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. आपल्याकडील माजी आमदारांच्या पेन्शनची चर्चा ऐकलेल्यांना तो खरा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तेथे आमदारांचे मानधन प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते, त्यामुळे सरसकट विधान टिकत नाही.

न्यू हॅम्पशरमध्ये राज्यघटनेनेच दोन वर्षांच्या मुदतीसाठी 200 डॉलर ठरवून दिले असून ही रक्कम 1889 पासून बदललेली नाही. प्रवासखर्च वेगळा मिळतो, परंतु सलग 10 वेळा निवडून येऊन 20 वर्षे काम करणाऱ्या साध्या सदस्याचे एकूण मानधन 2,000 डॉलरच भरते. म्हणूनच तेथील अनेक सदस्य निवृत्त असतात किंवा पोटापाण्यासाठी दुसरा व्यवसाय सांभाळतात. टेक्सासमध्ये महिन्याला 600 डॉलर मिळतात आणि पेन्शनसाठी किमान 8 वर्षांची सेवा लागते. ते पेन्शन मात्र मानधनाहून मोठे असू शकते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

पडताळणी सोपी आहे. संदेशात राज्याचे नाव आहे का, हे आधी पाहावे. मग त्या राज्याची घटना उघडावी: न्यू हॅम्पशरच्या घटनेत दुसऱ्या भागातील 15वे कलम, टेक्सासच्या घटनेत तिसऱ्या प्रकरणातील 24वे कलम. दोन्ही इंटरनेटवर मोफत वाचता येतात.