तेरेसाने प्रार्थनेला मैत्री का म्हटले?

‘येशू माझा मित्र’ हे शब्द आज लहान मुलेही सहज म्हणतात. सोळाव्या शतकातली स्पॅनिश संन्यासिनी तेरेसा हिने प्रार्थनेलाच मैत्री म्हटले, तेव्हा असे म्हणायला धाडस लागत असे, हे त्यामुळे विसरायला होते.

कल्पना अर्थातच जुनी आहे. माणूस आपल्या मित्राशी बोलतो तसा परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलत असे, असे बायबलमधल्या निर्गमच्या 33व्या अध्यायात आहे. अब्राहामालाही देवाचा मित्र म्हटले आहे. पण ही मोठी माणसे झाली. शेवटच्या भोजनाच्या रात्री ‘आता मी तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो’ असे येशूने सांगितले (योहान 15:15), तेव्हा समोर गालीलातले कोळी बसले होते. तरीही सामान्य भाविकाच्या वाट्याला पुढे आल्या त्या मुख्यतः पाठ केलेल्या प्रार्थनाच.

सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये तर मनातल्या मनात देवाशी बोलणारा माणूस संशयित ठरू शकत होता. आतल्या प्रकाशावर भिस्त ठेवणाऱ्या ‘आलुम्ब्रादोस’ मंडळींविरुद्ध 1525 साली टोलेडोत फर्मान निघाले. 1559 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाने, बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी काढली आणि लोकभाषेतली कितीतरी भक्तिपर पुस्तके तिच्यात अडकली. लॅटिन न येणाऱ्या बायकांच्या हातची पुस्तकेच गेली. आविला गावातल्या कार्मेल या संन्यासी संघाच्या मठातल्या तेरेसाला (1515–1582) याचे फार वाईट वाटले. मी तुला जिवंत पुस्तक देईन, असे प्रभूने तेव्हा आपल्याला सांगितल्याचे तिने नोंदवले आहे. तिचे आजोबा यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेल्यांपैकी. 1485 मध्ये टोलेडोत त्यांना इन्क्विझिशनपुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. अशा घरातल्या बाईने प्रार्थनेवर लिहायचे म्हणजे जपूनच लिहायला हवे.

आणि तिने लिहिले काय? मनातली प्रार्थना म्हणजे मैत्रीचा व्यवहार; आपल्यावर ज्याचे प्रेम आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी पुन्हा पुन्हा एकान्तात बोलत बसणे. आत्मचरित्राच्या आठव्या अध्यायातले हे वाक्य एकटे उचलले तर फार गोड वाटते. त्याच्या आजूबाजूचा मजकूर मात्र गोड नाही, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. प्रार्थनेला ठरवलेला तास कधी संपतो म्हणून आपण घड्याळाच्या टोल्याकडे कान लावून बसत असू, हे ती तिथेच सांगून टाकते. त्याआधी वर्षाहून अधिक काळ तिने ही प्रार्थना सोडूनच दिली होती. आळस हे त्याचे कारण नव्हते. आपण इतक्या अपात्र, कोणत्या तोंडाने त्याच्यापुढे जायचे, असे तिला वाटत होते. वडिलांच्या मृत्यूनंतर डॉमिनिकन या संन्यासी संघातल्या एका धर्मगुरूने तिला पुन्हा प्रार्थनेकडे वळवले. अपात्र वाटते म्हणून दूर राहणे हाच आपल्यावरचा सर्वांत मोठा मोह होता, असे ती पुढे लिहिते. मित्राकडे जायला आधी चांगले व्हावे लागत नाही, त्याच्या सहवासात माणूस हळूहळू चांगला होतो, हे ती अनुभवातून शिकली होती.

तेरेसा ख्रिस्ताला सतत ‘महाराज’ म्हणते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पण पृथ्वीवरच्या राजाला भेटायला मध्यस्थ लागतात, वशिला लागतो. या राजाकडे तसले काही लागत नाही, हे तिचे आवडते म्हणणे. मठातल्या बहिणींना ती सांगे, स्वयंपाकघरात काम पडले तर तिथे भांड्याकुंड्यांतही प्रभू वावरतो.

तिच्या आत्मचरित्राचे हस्तलिखित 1575 मध्ये इन्क्विझिशनच्या ताब्यात गेले. ते छापून निघाले 1588 साली, तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. 1970 मध्ये पोप सहावे पॉल यांनी तिला ‘चर्चची आचार्य’, म्हणजे जिची शिकवण साऱ्या चर्चला मार्गदर्शक मानावी अशी संत, घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

मराठीत या जवळिकीची वाट वेगळीकडून आली. देवाला ‘तू’ म्हणायचे, त्याच्याशी भांडायचे, रुसायचे, हे नामदेव-तुकारामांनी आधीच शिकवून ठेवले होते. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारण्यासाठी त्यांना नवी भाषा शोधावी लागली नाही, अभंग हाताशी होता.