‘विकासदर’ म्हणतो, तो नक्की कशाचा दर?

‘देशाचा विकासदर अमुक टक्के’ अशी बातमी आपण नेहमी वाचतो. तो आकडा असतो सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या वाढीचा. त्याला खरे तर वृद्धिदर म्हणायला हवे. पण मराठीत ‘विकासदर’ हाच शब्द रुळला आणि वाढ आणि विकास या दोन निराळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या गेल्या. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले दोन्ही व्याख्या पाठ म्हणून दाखवतात, आणि पुढच्याच उत्तरात वाढ झाली म्हणजे विकास झालाच असे धरून चालतात. मला ही चूक फार खुपते, कारण तिच्यामुळे एखाद्या देशाकडे पाहायची नजरच बिघडते.

वाढ मोजणे त्या मानाने सोपे. वर्षभरात देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांची किंमत काढायची, त्यातून महागाई वजा करायची आणि मागच्या वर्षाशी ताडून पाहायचे. विकासात मात्र माणसे किती वर्षे जगतात, मुले शाळेत टिकतात का, बाळंतपणाला दवाखाना हाताशी आहे का, हे बघावे लागते. १९९० पासून संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात येणारा मानव विकास निर्देशांक याच हेतूने तयार झाला. महबूब उल हक आणि अमर्त्य सेन या अर्थतज्ज्ञांचा त्यामागे मोठा वाटा. त्यात उत्पन्न धरलेले आहे, पण आयुर्मान आणि शिक्षण यांच्या बरोबरीने, एक तृतीयांश वजनाचे.

फरक डोळ्यांना दिसावा म्हणून आफ्रिकेतले कमी लोकसंख्येचे दोन देश घेऊ. दोघांना जमिनीखालचे धन सापडले, आणि दोघांची वाढ तुफान झाली.

इक्वेटोरियल गिनी १९६८ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाला. १९९५ मध्ये तिथल्या समुद्रात झाफिरो हे मोठे तेलक्षेत्र सापडले. १९९७ या एका वर्षात अर्थव्यवस्था दुपटीहून मोठी झाली! पुढे काही वर्षे दरडोई उत्पन्नात हा देश आफ्रिकेत सर्वांत वर होता. पण दरडोई म्हणजे सरासरी, आणि सरासरीत कोणाच्या ताटात काय पडले ते कळत नाही. उत्पन्नाच्या यादीतला क्रमांक आणि मानव विकासाच्या यादीतला क्रमांक यांच्यात जगातली सर्वांत मोठी दरी ज्या देशांत होती, त्यांत या देशाचे नाव अग्रभागी असे.

असे का झाले? समुद्रातल्या तेलाला हात थोडेच लागतात. यंत्रे बाहेरून येतात, तंत्रज्ञही बाहेरून, त्यामुळे गावातल्या पोराला त्यात काम मिळत नाही. शिवाय तिजोरी तेलाच्या पैशाने भरत असली की सरकारला लोकांकडून कर घ्यावा लागत नाही, आणि कर घेतला नाही की हिशेबही द्यावा लागत नाही. मला हा सगळ्यांत घातक अडथळा वाटतो. राष्ट्राध्यक्ष तेओदोरो ओबियांग १९७९ पासून सत्तेवर आहेत. त्यांच्या मुलाला, जो उपराष्ट्राध्यक्षही आहे, देशाचा पैसा लुबाडून फ्रान्समध्ये मालमत्ता केल्याबद्दल पॅरिसच्या न्यायालयाने २०१७ मध्ये दोषी ठरवले. २०१३ नंतर तेल ओसरू लागले आणि बहुतेक वर्षे ती वाढही उणे झाली.

आता बोट्सवाना. १९६६ मध्ये ब्रिटिश गेले तेव्हा एवढ्या मोठ्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. चहूबाजूंनी जमीन, बंदर नाही, वर सततचा दुष्काळ. तिथल्या चलनाचे नावच ‘पुला’, म्हणजे पाऊस. दुष्काळी टापूत वाढलेल्या कोणालाही ते नाव लगेच समजेल. १९६७ मध्ये ओरापा इथे हिरे सापडले. ती जमीन पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखातली. तरीही खनिजांचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे देणारा कायदा त्यांनी त्याच वर्षी केला. डी बीअर्स कंपनीशी केलेल्या भागीदारीत सरकारचा हिस्सा आधी १५ टक्के होता. सत्तरच्या दशकात पुन्हा वाटाघाटी करून तो ५० टक्क्यांवर नेला. त्या पैशातून रस्ते, शाळा, पाण्याच्या सोयी झाल्या. १९८० मध्ये प्राथमिक शाळेची फी माफ झाली, आणि १९९४ मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी ‘पुला फंड’ उभा राहिला.

इथवर वाढ आणि विकास हातात हात घालून चालले. नंतर एड्सची साथ आली. हिऱ्यांची विक्री चालू होती, जीडीपी वाढत होता, आणि साठीच्या घरात गेलेले आयुर्मान पन्नाशीजवळ कोसळले. नुसता वृद्धिदर पाहणाऱ्याला त्या काळात काहीच बिघडलेले दिसले नसते. २००२ मध्ये सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. राष्ट्रीय पातळीवर असे करणारा आफ्रिकेतला हा पहिला देश, आणि आयुर्मान पुन्हा सावरले. विषमता मात्र आजही तिथे प्रचंड आहे, ते झाकायचे कारण नाही.

आपल्याकडे उलट उदाहरण केरळचे. दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी असतानाच साक्षरता वाढवणे आणि बालमृत्यू कमी करणे या दोन्हींत तो इतर राज्यांच्या पुढे गेला. पण शिकलेल्या तरुणांना काम घरी मिळेना, म्हणून ते आखातात गेले. आणि उत्पादनात देशात अव्वल असलेल्या आपल्या महाराष्ट्रात मेळघाटातले कुपोषण अजून संपलेले नाही.

म्हणजे वाढीला गौण ठरवायचे का? मुळीच नाही. शाळा आणि औषधे शेवटी महसुलातूनच येतात. पुन्हा बोट्सवानाकडेच पाहा. प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे स्वस्त झाले, त्यांतले पुष्कळ आपल्या सुरतेतले, आणि खाणीच्या हिऱ्यांची मागणी घसरली. २०२४ मध्ये बोट्सवानाची अर्थव्यवस्था आकसली. परदेशी मदतही आटली. ऑगस्ट २०२५ मध्ये दवाखान्यांतली औषधे संपत चालल्यामुळे राष्ट्राध्यक्ष डूमा बोको यांना आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.