प्लेटची कड : जुन्या प्लेटांचे आकार आणि काठ ओळखणं

जेवणाची जुनी प्लेट कुठली आणि साधारण कधीची, हे ठरवताना तिच्या बाहेरच्या काठाचा आकार, त्यावरचा उठाव आणि मधल्या खोलगट भागाशी त्याचा मेळ बघतात, या सगळ्याला मिळून संग्राहक ढोबळपणे कड किंवा रिम म्हणतात. इथे युरोप आणि अमेरिकेतल्या साधारण १७४० ते १९६० या काळातल्या प्लेटा घेतल्यात, त्यातही इंग्लंडच्या स्टॅफर्डशरच्या जास्त, कारण अभ्यास तिथल्याच प्लेटांचा सगळ्यात जास्त झालाय. नवीन माणूस प्लेट हातात घेतली की आधी चित्र बघतो, गुलाब आहे का, विलोचं झाड आहे का, आणि तिथेच फसतो. चित्र नंतर चढतं, आकार साच्यातून आधी येतो. विलोचं निळं चित्र १७९०च्या सुमारास स्पोड या स्टॅफर्डशरच्या कारखान्याकडे रूढ झालं असं बहुतेक मानतात, पण त्यानंतर ते इतक्या कारखान्यांनी छापलं की नुसतं 'विलो आहे' म्हणून काहीच कळत नाही, कड बघितल्यावर थोडंफार कळायला लागतं.

प्लेटचे भाग : मधला सपाट तळ म्हणजे वेल, तळ जिथून वर चढतो ते वळण म्हणजे बूज, त्याच्या बाहेरचा पसरट पट्टा म्हणजे रिम, फ्रेंच लोक त्यालाच मार्ली म्हणतात, आणि अगदी टोकाची धार म्हणजे एज. मराठीत कड आणि काठ हे दोन शब्द आपण सरमिसळ वापरतो, या नोंदीत यापुढे पट्ट्याला काठ आणि टोकाच्या धारेला कड म्हटलंय. ज्या प्लेटला पट्टाच नसतो, तळ सरळ वर वळत जातो, ती कूप. पालथी केल्यावर बुडाला जी गोल कडी दिसते ती फूट रिंग. मापांची नावंही जुनी आहेत, मोठी ती टेबल प्लेट, तिच्याखालची ट्विफलर, आणि त्याहून लहान मफिन. कुंभारांच्या यादीत लिहिलेले इंच नाममात्र असत, यादीतली दहा इंची प्लेट टेप लावली तर दहा भरेलच असं नाही, म्हणून नुसत्या मापावरून सेट जुळवायला जाऊ नये.

साचा आणि कड : उठाव असलेली प्लेट बनवताना मातीची पोळी प्लास्टरच्या उंचवट्याच्या साच्यावर टाकतात, साचा फिरत असतो आणि वरून पात्याने दाबत मागची बाजू आणि बुडाची कडी काढतात. म्हणजे पुढची बाजू, कंगोरे, उठाव हे सगळं साच्याचं, आणि पाठ पात्याची. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं काम होतं, कारण पुढची कड दुसऱ्या कारखान्याकडून उचललेली असू शकते पण पाठ ज्याच्या त्याच्या पात्याची असते. स्टॅफर्डशरमध्ये प्लास्टरचे साचे साधारण १७४०च्या दशकात आले, श्रेय सहसा राल्फ डॅनियल यांना देतात. प्लास्टर पाणी पितं आणि झिजतं, त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या शेवटच्या प्लेटांचा उठाव पहिल्या प्लेटांपेक्षा बुजलेला असतो, मूळ ठोकळ्यावरून नवा साचा ओतला की परत धारदार होतो. बुजका उठाव दिसला की लगेच 'उशिराची नक्कल' म्हणायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडलेली बरी.

विणीचे काठ : काठावर उठावाने नक्षी काढायची पद्धत युरोपात रुजली ती मुख्यतः जर्मनीतल्या माइसेनमुळे. १७१०मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात योहान योआखिम केंडलर यांच्या काळात टोपलीच्या विणीसारखे काठ आले, आपल्याकडच्या बुरुडकामाची आठवण यावी असे. ओझिए हे त्यांचं नाव वेताच्या किंवा विलोच्या काड्यांवरून. पट्ट्यापट्ट्यांची सुल्कोव्स्की ओझिए साधारण १७३५च्या आसपासची, साधी जुनी ओझिए त्याच सुमाराची, आणि वळणदार फासळ्यांनी काठाचे भाग पाडलेली नवी ओझिए १७४०च्या दशकातली धरतात. या सालांत दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतात. पुढे इतर कारखान्यांनी हे काठ इतके उचलले की ओझिए दिसली म्हणून माइसेन म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये मिठाची झिलई दिलेल्या, दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीच्या पांढऱ्या भांड्यांवर ठिपके, जाळी आणि टोपली असा काठ, आणि जवाच्या दाण्यांसारखा बार्ली काठ साधारण १७४० ते १७६५ या काळात चालला. त्यांचा उगम माइसेनचा की चांदीच्या भांड्यांचा, यावर दोन्ही मतं आहेत, चांदीचं पारडं थोडं जड वाटतं, कारण इंग्रज कुंभाराच्या डोळ्यासमोर रोज चांदीच होती.

स्टॅफर्डशरचे कुंभार जोसाया वेजवुड यांच्या फिकट पिवळसर क्रीमवेअरला इंग्लंडच्या राणी शार्लटने १७६५मध्ये टी-सेटची ऑर्डर दिल्यावर क्वीन्सवेअर हे नाव मिळालं, आणि त्याच दशकात क्वीन्स शेप, रॉयल शेप आणि फेदर एज असे काठ चालू झाले. फेदर एज म्हणजे कडेने छोट्या पिसांच्या काड्यांचा उठाव, बहुतेक वेळा त्यावर रंग नसतो.

शेल एज : संग्राहकांना सगळ्यात जास्त भेटणारी आणि सगळ्यात जास्त चुकीच्या नावाने विकली जाणारी कड ही. शिंपल्याच्या कडेसारख्या बारीक रेघा टोकापासून आत जातात आणि त्यावर निळा किंवा हिरवा रंग, आत सगळं पांढरं. जुने डीलर हिला लीड्स वेअर म्हणायचे, कोणी फेदर एजही म्हणतं, आणि दोन्ही चूक आहे. लीड्सच्या कारखान्यात ही बनली हे खरं, पण ती डझनावारी कारखान्यांत बनली, आणि फेदर एज ही वर सांगितलेली वेगळीच कड आहे.

सुरुवात कोणी केली यावर लिहिणाऱ्यांचं एकमत नाही. श्रेय वेजवुडकडे जातं, १७७०च्या दशकात, आणि १७७९मध्ये त्यांनी पर्ल व्हाइट नावाने आणलेल्या निळसर झाक असलेल्या मालावर ती पसरली असा साधारण क्रम लावतात. दुसरं म्हणणं असं की कल्पना फ्रेंच रोकोको, म्हणजे वळणावळणाच्या सजावटीच्या, पोर्सेलीनची, वेजवुडने ती फक्त स्वस्त मातीत उतरवली. दोन्ही एकत्र खरं असायला हरकत नाही आणि आता कलही तिकडेच आहे, कारण कड बाहेरून आली तरी पांढरी स्वस्त माती आणि झिलईखालचा निळा ही जोडी स्टॅफर्डशरचीच.

शेवट कधी झाला यावरचा वाद जास्त कामाचा आहे. पुरातत्त्वज्ञ आयव्हर नोएल ह्यूम यांच्या मांडणीवरून दुसरे पुरातत्त्वज्ञ स्टॅनली साउथ यांनी १९७०च्या दशकात खापरांवरून वस्तीचं सरासरी साल काढायचं सूत्र केलं, त्यात निळ्या-हिरव्या काठाचा मोती माल, म्हणजे वर सांगितलेला निळसर झाकेचा पर्ल माल, १७८० ते १८३०, मधलं साल १८०५ असा धरला होता. उत्खनन करणाऱ्यांनी हे आकडे वर्षानुवर्षं वापरले. नंतर जॉर्ज मिलर आणि रॉबर्ट हंटर या अभ्यासकांनी कडेचेच पोटभेद पाडले आणि ही कड १८९०च्या दशकापर्यंत ओढत नेली, म्हणजे १८०५ हे मधलं साल सरसकट लावलं की घर प्रत्यक्षापेक्षा पन्नास वर्षं जुनं ठरायचा धोका. मिलर-हंटर यांची मांडणी आज जास्त भरवशाची वाटते.

त्यांच्या मांडणीचा सारांश असा. सगळ्यात जुनी कड असमान कंगोऱ्यांची, लाटा लहानमोठ्या, रेघा वाकड्या, ही साधारण १७७५ ते १८१०. मग सारख्या मापाचे कंगोरे आले, रेघा आधी वाकड्या आणि मग सरळही, १८०० ते १८४०च्या सुमारास. १८२० ते १८४५च्या आसपास रेघांच्या जागी फुगीर उठाव, पानंफुलं, मासळीचे खवले, गहू वगैरे. १८४०नंतर कंगोरे गेले, कड सरळ गोल झाली पण दाबलेल्या रेघा राहिल्या, आणि १८६०नंतर रेघाही गेल्या, साधी कड आणि त्यावर ब्रशने ओढलेला रंग, एवढंच उरलं. हिरवा रंग १८४०नंतर क्वचितच. म्हणून हिरवी आणि असमान कंगोऱ्यांची असेल तर निर्धास्तपणे जुनी म्हणा, निळी आणि साधी गोल असेल तर थांबा.

अशी एक निळी प्लेट खिडकीजवळ तिरकी धरली की बरंच दिसतं. जुनीवर रंगाऱ्याने ब्रश कडेवर टेकवून प्रत्येक फटकारा आत ओढलेला असतो, त्यामुळे निळ्याची आतली बाजू झालरीसारखी फाटलेली दिसते, कुठे जाड कुठे पातळ. नंतरच्या प्लेटांवर प्लेट चकतीवर फिरवून ब्रश नुसता टेकवला आहे, निळ्याची आतली रेघ गुळगुळीत, आणि बारकाईने पाहिलं तर फेरी जिथे पूर्ण झाली तिथे रंगावर रंग चढून छोटासा जोड दिसतो. मग नख फिरवायचं, रेघा लागतात की फक्त डोळ्याला दिसतात ते बघायचं. पालथी करून बुडाच्या कडीच्या खाचेत बघायचं, मोती मालात तिथे झिलई साठून निळसर दिसते. काठाच्या मागे तीन-तीन बारीक टोचे असतील तर ते भट्टीत प्लेटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ठेवलेल्या तिवईचे, तो दोष नाही. टवका उडाला असेल तर तोही बघून घ्यायचा, आतली माती कुठल्या रंगाची आहे ते तिथेच दिसतं.

ही कड एवढी पसरली त्याचं कारण किंमत. स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी आपसात ठरवलेल्या किंमतींच्या याद्या, १७९६, १८१४ वगैरे सालांच्या, शिल्लक आहेत आणि त्यात एज्ड नावाचा माल साध्या बिनरंगी मालाच्या लगेच वर येतो, म्हणजे सजवलेल्यात सगळ्यात स्वस्त. अमेरिकेतल्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननात तिची खापरं ढिगाने निघतात ती त्यामुळेच. साध्या घरांत रोज वापरून फुटलेल्या या प्लेटा आहेत, आणि एवढ्या साध्या मालाने सालं ठरवायला एवढी मदत करावी हे फार मोलाचं आहे.

आयर्नस्टोन : ही जाड, टणक मातीची भांडी, इंग्रज कुंभार चार्ल्स जेम्स मेसन यांचं पेटंट १८१३चं. पण संग्राहक ज्याला पांढरं आयर्नस्टोन म्हणतात ते १८४०नंतरचं, अजिबात चित्र नाही, सगळी मदार आकारावर. आधी पैलूदार गॉथिक आकार, मग टी. अँड आर. बूट यांनी १८५३मध्ये नोंदवलेला सिडनहॅम, मग गव्हाच्या लोंब्यांचा सीरीझ, एल्समोर अँड फॉर्स्टर यांनी १८५९मध्ये नोंदवलेला. इथे पाठीवरचा नोंदणीचा चौकटचिन्हासारखा शिक्का कामाला येतो, तो १८४२ ते १८८३ चालला, १८६७पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात आणि १८६८पासून उजव्या कोपऱ्यात, १८८४पासून नुसते नंबर. पण तो शिक्का आकार नोंदवल्याची तारीख सांगतो, तुमची प्लेट भाजल्याची नाही. १८५३चा शिक्का असलेली प्लेट त्यानंतर कितीतरी वर्षांनी निघालेली असू शकते.

आकाराचं नाव आणि चित्राचं नाव : फ्रान्समधल्या लिमोजच्या हॅविलंड कारखान्यात पांढरी कोरी प्लेट, म्हणजे ब्लँक, वेगळी आणि तिच्यावरचं चित्र वेगळं. एकच फूल वेगवेगळ्या ब्लँकांवर येतं. अमेरिकेतल्या ओमाहाच्या आर्लीन श्लायगर यांनी ब्लँक आणि चित्रांना नंबर दिले, तुटलेला सेट पुरा करायला आजही लोक ते नंबर वापरतात. अमेरिकेत होमर लाफलिन कंपनीचा व्हर्जिनिया रोझ हा १९३०च्या दशकातला आकार आहे, फ्रेडरिक हर्टेन ऱ्हीड यांनी केलेला, चित्र नाही. नावात गुलाब आहे म्हणून लोक कुठल्याही गुलाबाच्या प्लेटला ते नाव लावतात, आणि खऱ्या आकारावर गुलाब नसला तर ओळखत नाहीत.

ऱ्हीड यांचीच १९३६ची फिएस्टा नावाची भांडी, कडेशी एकात एक वर्तुळांच्या रेघा, काठ वेगळा रंगवलेला नाही, अख्खी प्लेट एका रंगाची. हे उत्पादन १९७३मध्ये थांबलं आणि १९८६मध्ये वेगळ्या, जास्त पक्क्या भाजलेल्या मातीत परत सुरू झालं, रेघा त्याच. इथे कडेचा उपयोग संपतो आणि बूड बघावं लागतं : जुन्या प्लेटची बुडाची कडीही झिलईने झाकलेली असते आणि खाली तीन टोचे असतात, नवीची कडी पुसून कोरडी ठेवलेली असते. अमेरिकन डिझायनर रसेल राइट यांची अमेरिकन मॉडर्न ही भांडी, १९३९ ते १९५९, ही कूपवाल्यांपैकी प्रसिद्ध, काठच नाही.

कोपनहेगनचा ब्लू फ्लूटेड हा पन्हळीदार निळा नमुना १७७५पासून आजतागायत बनतोय, तिथे आकारावरून साल काढायला जाऊच नये.

मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर इंग्लिश प्लेट हातात आली की पुष्कळ जण पाठीवर 'इंग्लंड' लिहिलंय का बघतात, आणि नसेल तर १८९१च्या आधीची म्हणतात. हा नियम अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली जकात कायद्यावरून आला, मालावर देशाचं नाव हवं असा तो नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होता. बऱ्याच कारखान्यांनी पुढे सगळ्याच मालावर नाव टाकलं, पण मुंबईला आलेल्या प्लेटवर ते असायलाच हवं होतं असं नाही. म्हणून इथे सापडलेल्या प्लेटवर 'इंग्लंड' नसणं हा पुरावा धरू नये, कड, पाठ आणि बुडाची कडी या तिन्हींवरून ठरवावं, आणि साल एक न लिहिता वीस-तीस वर्षांचा पट्टा लिहावा.