नाणेघाट एकदिवसीय सहल : ज्वालामुखीचे थर बघायला येणाऱ्यांसाठी

फोनवर पहिला प्रश्न हमखास एकच असतो : "ज्वालामुखीचं तोंड नक्की कुठे आहे?" आधीच सांगून टाकतो, तोंड नाही. शंकूसारखा डोंगर नाही, धूर नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वर आला आणि सपाट पसरत गेला. थर थंडावला, कधी हजारो वर्षं शांततेत गेली, मग त्यावर पुढचा थर. आजही साधारण ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या काळ्या कातळाखाली आहे. म्हणजे पुण्यात आमच्या गाडीत चढताना तुम्ही ज्वालामुखीच्या दगडावरच उभे असता. मग नाणेघाटापर्यंत कशाला जायचं? कारण तिथे सह्याद्री कोकणाकडे एकदम तुटतो आणि चिरोट्याचे पदर सुटावेत तसे थर उघडे दिसतात.

'पदर' हा शब्द ट्रेकर मंडळींच्या तोंडात असतोच. लाव्हाच्या थराचा मधला भाग घट्ट, त्याचा होतो उभा कडा. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, तो लवकर झिजतो आणि तिथे गवता-झाडांची पट्टी तयार होते. कडा, पदर, पुन्हा कडा. शेजारच्या जीवधन किल्ल्याकडे बघून हे पदर मोजायला लावतो आम्ही. मुलांचा आकडा मोठ्यांपेक्षा बरोबर निघतो. या खडकांचं 'ट्रॅप' हे नावसुद्धा पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलंय.

बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून पांढरे स्फटिक भरले. विहीर खणणारे अशा दगडाला मांजऱ्या म्हणतात. आमच्याकडचे नमुने गाडीतच हाताळायला देतो. डोंगरावरून मात्र खडाही उचलू नका, सामान तपासायची वेळ आणू नका. वाटेत रस्त्याच्या कापात विटकरी लाल पट्टा दिसला तर गाडी थांबवतो. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली माती वरच्या लाव्हाने भाजून निघाली, ती ही.

घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जातो. थोडं खाली उतरलं की सातवाहनांचं लेणं आणि नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख. तोही याच कातळात कोरलेला आहे आणि दोन हजार वर्षांनंतर अजून वाचता येतो. भिंतीला हात लावू नये.

हा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का? नाही. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या ज्या उष्ण प्रवाहामुळे हे घडलं तो आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भारत सरकत सरकत उत्तरेला निघून आला. तिथला ज्वालामुखी मात्र अजून लाव्हा ओकतो. डायनासोर आपल्या लाव्हानेच मेले का, यावर वाद आहे : मेक्सिकोत आदळलेला अशनी की आपला लाव्हा, की दोन्ही. आणि लोणार या सहलीत का नाही? ते विवर ज्वालामुखीचं नव्हे, अशनीचं.

पावसाळ्यात आम्ही ही सहल काढत नाही. उलटा धबधबा (वाऱ्याने पाणी वर उडतं तो) बघायचा असेल तर जरूर जा, पण धुक्यात थर दिसत नाहीत आणि कड्यावर गर्दी असते. आमच्या फेऱ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पहाटे ५:३० ला निघायचं, चहा-नाश्ता नारायणगावला, मग जुन्नर-घाटघरमार्गे घाटमाथा. गाडी जवळपर्यंत जाते, त्यामुळे आजी-आजोबांना वरून थर आरामात बघता येतात. लेण्याकडची वाट मात्र उतरणीची आणि दगडी. गुडघे दुखत असतील तर वरच थांबा, आमचा एक माणूस सोबत राहील. घट्ट पकडीचे बूट, टोपी, माणशी २ लिटर पाणी. कड्याच्या टोकापासून दहा पावलं मागे, सेल्फीसाठीही. दुपारी घाटघरला पिठलं-भाकरी. गाडी १७ आसनांची आहे, त्यामुळे येणार नसाल तर दोन दिवस आधी कळवा, म्हणजे ती जागा दुसऱ्या कुणाला देता येईल.