घटक राज्यांच्या ध्वजाचा प्रश्न : पार्श्वभूमी

22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने तिरंग्याला राष्ट्रध्वज म्हणून मान्यता दिली. राज्यांचे स्वतंत्र ध्वज असावेत की नसावेत, याविषयी मात्र राज्यघटनेत काहीही म्हटलेले नाही. राष्ट्रीय चिन्हांचा गैरवापर रोखणारा 1950 चा आणि त्यांचा अवमान रोखणारा 1971 चा कायदा, तसेच 2002 ची ध्वजसंहिता यांचा सगळा रोख राष्ट्रध्वजाचा मान राखण्यावर आहे. राज्याने स्वतःचे निशाण लावू नये असे त्यांत सांगितलेले नाही आणि लावावे असेही नाही. या मौनामुळे हा विषय कायद्यापेक्षा त्या त्या प्रांताच्या राजकारणानेच अधिक हाताळला आहे.

निशाणे आपल्याकडे अर्थातच जुनी आहेत. मराठ्यांचा भगवा झेंडा आणि जरीपटका सर्वांना ठाऊक आहेत. 1877 च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने संस्थानिकांना युरोपीय धर्तीची मानचिन्हे काढलेले रेशमी ध्वज वाटले. या ध्वजांची रचना रॉबर्ट टेलर या बंगालमधील सनदी अधिकाऱ्याने केली होती आणि ते इतके जड होते की एकेक ध्वज उचलायला दोन धिप्पाड स्कॉटिश शिपाई लागत. मांडलिकत्वाची खूण इतक्या थाटाने बहाल करण्याचे हे कसब इंग्रजांनाच साधावे! संस्थाने विलीन झाली, 1949 मध्ये कोल्हापूर व बडोदे मुंबई राज्यात आले आणि संस्थानी ध्वजांचे शासकीय स्थान संपले.

अपवाद राहिला तो जम्मू-काश्मीरचा. 13 जुलै 1931 रोजी श्रीनगरच्या तुरुंगाबाहेर झालेल्या गोळीबारात जे मारले गेले, त्यांच्या रक्ताने भिजलेला कपडा आंदोलकांनी झेंडा म्हणून धरला आणि लाल रंग तिथून आला, असे सांगितले जाते. पुढे नॅशनल कॉन्फरन्सने लाल झेंड्यावर नांगर आणला आणि 7 जून 1952 रोजी तेथील संविधान सभेने काही फेरफारांसह तो राज्याचा ध्वज ठरवला. राज्याच्या घटनेतील 144 व्या कलमात त्याचे वर्णन बारकाईने दिलेले होते : लांबी-रुंदीचे प्रमाण 3:2, काठीच्या बाजूला सारख्या रुंदीचे तीन उभे पांढरे पट्टे, मध्यभागी पांढरा नांगर आणि त्याची मूठ पट्ट्यांकडे. तीन पट्टे म्हणजे जम्मू, काश्मीर आणि लडाख. हा ध्वज तिरंग्याचा प्रतिस्पर्धी नाही, हे केंद्र आणि राज्य यांच्यातील 1952 च्या दिल्ली करारात स्पष्ट करण्यात आले होते. अनुच्छेद 370 मधील विशेष तरतुदी संपुष्टात आल्यावर 25 ऑगस्ट 2019 रोजी श्रीनगरच्या सचिवालयावरून तो उतरवण्यात आला.

कर्नाटकातील लाल-पिवळा झेंडा मात्र सरकारी कागदावर जन्मलेला नाही. लेखक-पत्रकार म. राममूर्ती यांनी 1960 च्या दशकात कन्नड चळवळीसाठी तो तयार केला आणि हळद-कुंकवाचे रंग असलेला हा झेंडा दरवर्षी 1 नोव्हेंबरला, राज्याच्या स्थापनादिनी, गावोगाव फडकू लागला. 2012 मध्ये सदानंद गौडा यांच्या सरकारने त्या दिवशी सरकारी कार्यालयांवर तो लावण्याचे ठरवले, पण प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि आदेश मागे घ्यावा लागला. 2017 मध्ये सिद्धरामय्या सरकारने समिती नेमली आणि 8 मार्च 2018 रोजी पिवळा, पांढरा व लाल असा तीन पट्ट्यांचा नवा नमुना जाहीर केला. त्याच्या मधोमध गंडभेरुंड आहे, म्हणजे म्हैसूरच्या वोडेयरांचे राजचिन्ह असलेला दोन तोंडांचा पक्षी, जो आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाजांवरही कोरलेला आढळतो. विधानसभा निवडणूक दोन महिन्यांवर आली असताना हा प्रस्ताव केंद्राकडे गेला, हा योगायोग मानणे कठीण आहे. त्याला मंजुरी मात्र मिळाली नाही.

सीमाभागातील मराठी माणसासाठी हा वाद दारातला आहे. 1 नोव्हेंबर, म्हणजे कन्नड राज्योत्सवाचा दिवस, बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिवस म्हणून पाळते. डिसेंबर 2020 मध्ये कन्नड कार्यकर्त्यांनी बेळगाव महापालिकेसमोर लाल-पिवळा झेंडा उभारला, तेव्हा तो हटवण्याची मागणी मराठी संघटनांनी लावून धरली. महाराष्ट्र शासनाला स्वतःचा वेगळा ध्वज नाही. बेळगावात मराठी मोर्च्यांत दिसणारा भगवा हा लोकांचा आहे, सरकारचा नव्हे.

नागा प्रश्नात तर ध्वज हा वाटाघाटींचाच मुद्दा बनला. 3 ऑगस्ट 2015 रोजी केंद्राने एनएससीएन (आय-एम) या नागा बंडखोर गटाशी चौकट करार केला, पण निळ्या पार्श्वभूमीवर इंद्रधनुष्य आणि पांढरा तारा असलेला नागा ध्वज व वेगळी घटना या दोन मागण्यांवर अंतिम तोडगा अडून राहिला.